बिट घडवायचं तर आधी आच ओळखा: डी-बिट, एचएसएस टूल आणि विडिया टूल, स्टेप बाय स्टेप

साधं ड्रिल बिट आज कुठेही मिळतं. गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा, अर्ध्या अर्ध्या मिमीच्या फरकाने सगळी साईज हाताशी असते, त्यामुळे रोजच्या कामासाठी स्वतः बिट बनवत बसायची काहीच गरज नाही. अडतं ते वेगळ्या साईजला. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवरून ट्रॉलरचं गनमेटलचं (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं) बुश, म्हणजे शाफ्ट बसतो ती नळी, येतं, त्यात ८.३ मिमीचं खोल आणि सरळ होल पाहिजे असतं आणि होडी उद्या बाहेर काढायची असते. त्या साईजचं बिट मागवायचं तर चार दिवस जातात. असं बिट छोट्या वर्कशॉपात एका दुपारी बनतं, फक्त पोलाद आणि आच या दोन गोष्टी नीट समजलेल्या पाहिजेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. माप थोडं चुकलं, अँगल चुकला, तर परत घासून सुधारता येतो. आच चुकली तर ते पोलाद गेलं, वरून कितीही चकचकीत धार लावा, दोन होलांत बसणार. आणि बिट ज्या तीन मटेरियलची बनतात ती तिन्ही आचेत वेगवेगळी वागतात, एकाचा नियम दुसऱ्याला लावला की नुकसान ठरलेलं. आयटीआयमधून नवीन आलेल्या पोरांचं बहुतेक इथेच चुकतं, हात चांगला असतो पण सगळं एकाच पद्धतीने पाण्यात बुडवतात.

आधी हातातलं पोलाद कुठलं ते बघा

पहिलं साधं कार्बन टूल स्टील. बाजारात सिल्व्हर स्टीलची पॉलिश केलेली गोल कांडी मिळते, त्यात साधारण १ टक्का किंवा जरा जास्त कार्बन आणि थोडंसं क्रोमियम असतं. ही मऊ येते, टर्निंग करता येते, कानशीने घासता येते, आणि नंतर आपण पाणी देऊन कडक करायची. पण २००-२५० डिग्रीच्या वर गेली की पाणी उतरायला लागतं.

दुसरं एचएसएस, हाय स्पीड स्टील. नेहमी मिळणाऱ्या एम-२ ग्रेडमध्ये साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम असतं. टेलर आणि व्हाइट या दोघांनी १९००च्या सुमाराला अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये हे काम पुढे आणलं आणि लेथचा स्पीड एकदम वाढला, कारण हे पोलाद ६०० डिग्रीच्या आसपासपर्यंत धार धरून ठेवतं.

तिसरं कार्बाइड, ज्याला आपण सगळे विडिया म्हणतो. हे पोलादच नाही. टंगस्टन कार्बाइडची पावडर कोबाल्टमध्ये मिसळून, दाबून, १४०० डिग्रीच्या वर भट्टीत भाजलेली असते. प्रचंड कडक, आच भरपूर सोसतं, पण झटका आणि एकदम थंड होणं अजिबात सोसत नाही.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेला तुकडा कुठला आहे ते ओळखायचं तर ग्राइंडरला हलकं लावून ठिणगी बघा. कार्बन स्टीलची ठिणगी उजळ, पिवळसर-पांढरी, आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटते. एचएसएसची ठिणगी मंद, लालसर-नारिंगी आणि जवळजवळ न फुटणारी. कार्बाइडला ठिणगी नावालाच, आखूड. तुटलेल्या मोठ्या ड्रिलच्या शँकपासून (मागच्या दांड्यापासून) टूल बनवणारे बरेच आहेत, त्यांनी ही टेस्ट जरूर करावी, कारण मोठ्या ड्रिलचा फक्त पुढचा भाग एचएसएसचा असतो आणि मागचा शँक साध्या स्टीलचा वेल्ड करून जोडलेला असू शकतो. दोन्ही टोकं ग्राइंडरला लावली की फरक डोळ्यांना दिसतो.

डी-बिट: आपण स्वतः पूर्ण बनवू शकतो असं ड्रिल

स्पायरल फ्लूटवालं (पिळदार खाचांचं) नेहमीचं ट्विस्ट ड्रिल हाताने बनवायच्या भानगडीत पडू नका. डी-बिट बनवा. गोल कांडीचा पुढचा भाग अर्धा कापून टाकला की समोरून इंग्रजी डी अक्षरासारखा आकार दिसतो, बस्स, तेच. मागची अर्धी गोलाई होलाच्या भिंतीला टेकून चालते म्हणून होल भरकटत नाही, आणि धारेला वरचा रेक (धारेमागच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य असल्यामुळे पितळ, गनमेटल, ब्राँझ यात तर ते सुंदर कापतं, ट्विस्ट ड्रिलसारखं एकदम आत खेचलं जात नाही.

वरचंच ८.३ मिमीचं उदाहरण धरू. १० मिमीची सिल्व्हर स्टीलची कांडी घ्या, १२० मिमी कापा, पुढचा ६० मिमी भाग लेथवर टेलस्टॉक (लेथच्या उजव्या टोकाचा सरकता भाग) सेंटरचा आधार देऊन टर्न करा. ८.३२ ला थांबा, कारण पाणी दिल्यावर वर काळा थर येतो तो घासून काढताना उरलेलं जातं. टर्निंगचे रिंगसारखे ओरखडे ठेवू नका, बारीक पॉलिश पेपर मारा, पाणी देताना तडा जायचा तर तो अशा ओरखड्यापासूनच सुरू होतो.

आता पुढून ३० मिमी लांबीचा फ्लॅट. मिलिंग असेल तर छान, नसेल तर व्हाइसमध्ये धरून कानशीने करा, वेळ जाईल पण होतं. ८.३ चं अर्धं ४.१५, पण तुम्ही मागच्या गोलाईपासून फ्लॅटपर्यंत मायक्रोमीटरने ४.२० ठेवा, म्हणजे अर्ध्यापेक्षा ०.०५ जास्त. अर्ध्याच्या खाली गेलात तर बिट साईज धरत नाही, परत टर्निंगपासून सुरुवात करावी लागेल, त्यामुळे शेवटचं ०.२ मिमी बारीक कानशीने आणि सारखं मोजत मोजत. फ्लॅट जिथे संपतो तिथला कोपरा काटकोनात ठेवू नका, गोल कानशीने थोडा गोल करा, नाहीतर तिथूनच तुटतो.

टोक असं करायचं. फ्लॅट वर ठेवून बिट टेलस्टॉकमध्ये धरलंय आणि तुम्ही लेथपुढे उभे आहात असं समजा, आपल्या बाजूची अर्धी धार कापते. तेव्हा तो कोपरा सगळ्यात पुढे राहील असा टोकाचा पूर्ण समोरचा भाग साधारण १० डिग्री तिरका घासा, आणि धारेच्या खालच्या बाजूला ६ ते ८ डिग्री क्लिअरन्स द्या म्हणजे मागचा भाग होलाच्या तळाला घासणार नाही. पलीकडची अर्धी बाजू कशालाही लागता कामा नये.

पाणी देणं

इथे घाई नको. गॅस टॉर्च असेल तर दोन फायर ब्रिकचा आडोसा करा, लोहाराची भट्टी असेल तर करवंटीचा कोळसा छान आच देतो, फक्त भाता हळू मारा. चिऱ्यावर (जांभा दगडावर) ठेवून तापवू नका, चिरा पाणी धरून असतो, तापला की तडकून तुकडा उडू शकतो.

टोकाचा कार्बन जळू नये म्हणून कॅरमची बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून वर पातळ लेप द्या आणि पूर्ण सुकू द्या, ओल्या स्पिरिटला ज्योत दाखवू नका. बोरिक पावडरच आहे ना ते डब्यावर वाचून घ्या.

काम सावलीत करा. भर उन्हात लाल रंग खरा त्यापेक्षा फिका दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो. पुढचा ४० मिमी भाग सगळीकडून सारखा तापवा, बारीक टोकावर ज्योत थेट रोखून धरू नका. रंग काळसर लालच्या पुढे जाऊन स्वच्छ लाल झाला, नारिंगी व्हायच्या आधी, तिथे आपल्याला थांबायचंय, हे साधारण ७७० ते ७९० डिग्री. डोळ्यावर भरवसा नसेल तर लोहचुंबक लावून बघा, ७७०च्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं बंद होतं. चिकटत नाही झालं की अजून किंचित तापवा, या जाडीला मिनिटभर तोच रंग धरून ठेवा.

मग सरळ उभं, टोक खाली, कोमट पाण्यात. तिरकं घातलंत तर एक बाजू आधी थंड होते आणि बिट वाकतं. पाण्यात गेल्यावर हळूहळू वर खाली हलवत राहा, एकाच लेव्हलला धरून ठेवलं तर पाण्याच्या रेषेवर तडा जातो. ४-५ मिमीच्या आतल्या बारीक बिटांना पाण्याऐवजी तेल बरं, तडे कमी जातात, पण जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. झाकणाचा लोखंडी डबा जवळ ठेवा, पेट घेतला तर झाकण टाकायचं.

बाहेर काढल्यावर जुनी कानस कोपऱ्यावर ओढून बघा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी चढलं. चावली तर आच कमी पडली होती, परत करा.

आता हे बिट कडक आहे पण ठिसूळ, हातातून फरशीवर पडलं तर तुटू शकतं, म्हणून लगेच टेम्परिंग (परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं), उद्यावर टाकायचं नाही. घरी बेकिंगचा ओव्हन असेल तर २०० ते २२० डिग्रीला तासभर ठेवा, यासारखी खात्रीची पद्धत नाही. ओव्हन नसेल तर फ्लॅट पॉलिश पेपरने लख्ख करा आणि शँकच्या बाजूने मंद आच द्या. रंग हळूहळू टोकाकडे सरकताना दिसतात, आधी फिका पिवळा, मागून तपकिरी, जांभळा, निळा. टोकावर फिका पिवळा पोचला की लगेच पाण्यात. टोक निळं झालं म्हणजे ३०० डिग्रीपर्यंत गेलं, धातू कापायला ते मऊ पडलं, परत पहिल्यापासून पाणी द्यावं लागेल.

शेवटी फ्लॅट ऑइल स्टोनवर सपाट ठेवून दोन-चार हात मारा, मागची गोलाई पॉलिश करून ८.३० ला आणा.

वापरताना एक गोष्ट विसरू नका, डी-बिट स्वतः होल सुरू करू शकत नाही. आधी ७.८ किंवा ८ चं ड्रिल मारा, मग तोंडाशी ८-१० मिमी खोलीपर्यंत बारीक बोरिंग टूलने होल बरोब्बर ८.३ चं करा, त्यात डी-बिट बसलं की पुढे ते त्याच रेषेत जातं. कार्बन स्टील असल्यामुळे स्पीड कमी, १० मीटर प्रति मिनिट धरा, म्हणजे या साईजला ४०० आरपीएमच्या आसपास. दर ५-६ मिमीला बाहेर काढून कीस झटका. गनमेटलला कोरडं चालतं, स्टीलला तेल हवंच.

एचएसएसची टूल बिट

हिला पाणी द्यायचं आपण मनातही आणू नये. कारखान्यात आधी टप्प्याटप्प्याने ८५० पर्यंत, मग ११९० ते १२३० डिग्रीपर्यंत तापवतात, तिथून साधारण ५५० डिग्रीच्या सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारात) किंवा व्हॅक्यूम फर्नेसमध्ये गॅसने थंड करतात आणि मग ५४०-५६० ला तीन वेळा टेम्पर करतात, तेव्हा ६३ ते ६५ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) येतो. हे टॉर्चने होत नाही. म्हणून १०×१० मिमीचा तयार कडक ब्लँक (धार नसलेली चौकोनी कांडी) घ्यायचा आणि फक्त घासून आकार द्यायचा.

आधी पुढचा क्लिअरन्स, मग बाजूचा, मग वरचा रेक, सगळ्यात शेवटी नोज, म्हणजे टोकाचा कोपरा. याच क्रमाने करा, कारण रेक आधी केला तर बाजू घासताना धारेची उंची परत बदलते. माइल्ड स्टीलसाठी दोन्ही क्लिअरन्स ६ ते ८ डिग्री, बॅक रेक ८ च्या आसपास, साइड रेक १२ ते १४. पितळेला वरचा रेक शून्य. ॲल्युमिनियमला रेक भरपूर वाढवा, नाहीतर धारेवर चिकटून बसतं. नोजला ०.४ ते ०.८ मिमीची गोलाई पुरते. दगड पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, रफला ४६ किंवा ६० ग्रिट, फिनिशला ८० च्या वर.

आता आचेचा भाग. घासताना टोक जरा निळसर झालं म्हणून एचएसएसची टूल बिट टाकून देऊ नका, ३०० डिग्रीला तिचं काही बिघडत नाही, हे कार्बन स्टील नाही. बिघडतं ते खूप तापलेली बिट खस्सकन पाण्यात बुडवल्याने, धारेवर डोळ्यांना न दिसणारे तडे पडतात आणि नंतर चालू कामात धार कण कण उडत जाते. हाताला चटका बसायला लागला की तेव्हाच बुडवा आणि असं वारंवार करा. त्याहून जास्त तापली असेल तर बाजूला ठेवून आपोआप गार होऊ द्या.

बाजारातलं ट्विस्ट ड्रिल कसं बनतं

स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं आणि मूळ आकार आजही जवळपास तोच आहे. स्वस्त ड्रिलमध्ये फ्लूट तापवून रोल केलेले किंवा मऊ असताना मिल केलेले असतात आणि नंतर हीट ट्रीटमेंट होते. चांगल्या ड्रिलमध्ये उलटं, आधी गोल कांडी पूर्ण कडक करतात आणि मग त्या कडक कांडीतच ग्राइंडिंग व्हीलने फ्लूट कोरतात, त्यामुळे ते सरळ आणि गुळगुळीत येतात. मग बाहेरचा व्यास मागे किंचित बारीक होत जाईल असा घासतात, शँकच्या बाजूला ड्रिल होलात अडकू नये म्हणून, आणि आतला गाभा शँककडे जाड होत जातो, ताकदीसाठी. शेवटी पॉइंट. सोनेरी रंगाचं टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग फक्त काही मायक्रॉन असतं, पॉइंटला परत धार लावली की तिथलं ते निघून जातं, हे लक्षात घेऊन पैसे द्या.

धार लावताना माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, दोन्ही ओठ (टोकाच्या कापणाऱ्या धारा) सारख्या लांबीचे आणि सारख्या अँगलचे. एक ओठ लांब राहिला की होल मोठं पडतं. साध्या कामाला ११८ डिग्री, बोटींच्या स्टेनलेस फिटिंगसाठी १३५, ओठामागे ८ ते १२ डिग्री क्लिअरन्स. १० मिमीचं एचएसएस ड्रिल माइल्ड स्टीलमध्ये ८०० आरपीएमला चालवा. स्टेनलेसला त्याच्या निम्मं किंवा अजून कमी, आणि दाब सतत ठेवा, नुसतं घासू दिलं की स्टेनलेस वरून कडक होतं आणि मग कुठलंच बिट लागत नाही.

विडियाचं टूल ब्रेझ करणं

ब्रेझ करणं म्हणजे दोन तुकडे न वितळवता, मधे कमी आचेवर वितळणारी सळी भरून जोडणं. विडियाची तयार टिप विकत मिळते, शँक ईएन-८ किंवा ईएन-९ (मध्यम कार्बनचं स्टील) चा आपण बनवायचा. शँकला टिपच्या मापाचा खाचा मिल करा, तळ अगदी सपाट, आणि आतला कोपरा टिपला अडणार नाही असा मोकळा. टिप हातात धरून खाच्यात बसवून बघा, डुलली तर खाचा परत सारखा करा, ब्रेझिंगने पोकळी भरून निघेल या आशेवर राहू नका.

कार्बाइड तापल्यावर जितकं पसरतं त्याच्या साधारण दुप्पट स्टील पसरतं. जोड झाल्यावर गार होताना स्टील जास्त आकसतं आणि टिपला ओढतं, टिपला तडे जातात ते बहुतेक यामुळे. यासाठी सिल्व्हर ब्रेझिंग (चांदीच्या मिश्रधातूची सळी) वापरा, ते ७०० च्या आसपास वितळतं, पितळेला किंवा तांब्याला त्याहून बरीच जास्त आच लागते. मोठ्या टिपखाली तांब्याची पातळ शिम (पत्री) घाला, दोन्हींमध्ये ती ताण खाते.

टिपची खालची बाजू हिरव्या दगडावर हलकी घासा, ॲसिटोनने पुसा, बोट लावू नका. फ्लक्स लावा, म्हणजे तापताना जोडावर काळा थर धरत नाही. आपल्याकडे टाकणखार वापरायची सवय आहे, पण तो या कमी आचेवर नीट वितळत नाही, सिल्व्हर ब्रेझिंगचाच फ्लक्स आणा. आणि डबा घट्ट बंद ठेवा, जूनमध्ये उघडा राहिला तर ओल धरतो आणि तापताना फसफसून टिप जागेवरून हलवतो.

ज्योत टिपवर नाही, शँकच्या खालून आणि मागून. शँककडून आच टिपकडे जाऊ द्या. फ्लक्स काचेसारखा पातळ आणि पारदर्शक झाला की सळी जोडाच्या कडेला टेकवा, ज्योतीने नाही तर शँकच्या आचेने ती वितळून आत ओढली गेली पाहिजे. चारही बाजूंनी चकचकीत रेघ दिसली की बारीक सळईने टिप वरून हलकी दाबा, किंचित पुढेमागे सरकवून परत जागेवर आणा, अडकलेला फ्लक्स बाहेर येतो. ज्योत बंद करा, गोठेपर्यंत हलवू नका.

आणि मग तो अख्खा जॉब कोरड्या चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून ठेवा, हाताला गार लागेपर्यंत. पाणी नाही, तेल नाही, फॅनखाली ठेवणं नाही. एवढं केलं तर टिप टिकते. नंतर धार लावताना सुद्धा गरम टिप पाण्यात बुडवायची नाही, एकतर सतत पाणी सोडून घासा नाहीतर पूर्ण कोरडं. रफला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड, फिनिशला डायमंड व्हील, पण डायमंड व्हीलला शँकचं स्टील लागू देऊ नका, व्हील लवकर खराब होतं.

कोबाल्टची धूळ फुप्फुसांना घातक आहे, चांगला मास्क लावा, नाकाला नुसता रुमाल बांधून चालत नाही. काही सिल्व्हर सळ्यांमध्ये कॅडमियम असतं, त्याचा धूर जीवघेणा, कॅडमियम-फ्री असं लिहिलेलीच सळी घ्या आणि शटर उघडं ठेवून काम करा. ग्राइंडरचा रेस्ट आणि दगड यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, आणि नवा दगड बसवायच्या आधी टांगून लाकडाच्या मुठीने हलका ठोका, खणखणीत आवाज नाही आला तर तो लावू नका.

एसडीएसच्या (भिंतीत ठोके मारणाऱ्या ड्रिल मशीनच्या) हॅमर बिटची टिप गेली तर मात्र परत ब्रेझ करू नका, त्या ठोक्यांपुढे आपला जोड टिकत नाही, नवीन आणा. चिऱ्याच्या भिंतीत होल मारताना हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा, चिरा मऊ असतो, हॅमरने होल ढासळतं. कॉलममध्ये काळी खडी लागली की मग हॅमर चालू करा.

राहिला गंज. किनाऱ्याजवळच्या हवेत मीठ असतं आणि पावसात तर रात्रीतून धारेवर तांबूस ठिपके येतात, डी-बिटवर सगळ्यात आधी. काम झालं की हाताचा घाम पुसून तेलाचा पातळ हात फिरवा, प्रत्येक बिट वेगळ्या कागदात गुंडाळा म्हणजे धारा एकमेकांवर आपटणार नाहीत, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कागदावर साईज, पोलाद आणि कुठल्या रंगावर टेम्पर केलं ते पेनाने लिहा, पुढच्या वेळी तसंच बुश आलं तर शोधत बसावं लागत नाही.